लोखंडाचा खांदा

रविवार, ११ जानेवारी

प्रिय मल्हार,

तुझ्या संयोगिताअक्कांनी परवा साताऱ्याहून फोनवर सांगितलं, की तुझा अंगठा आता थोडा हलतो. बाकीच्या चार बोटांचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत, हेही सांगितलं. तू डाव्या हाताने जेवायला शिकलास, पण भाकरी मोडता येत नाही म्हणून ताट ढकलून दिलंस आणि मग अक्कांची माफी मागितलीस, हे ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. हे पत्र मी आधी वहीत कच्चं लिहिलं आणि आता चांगल्या कागदावर पक्कं करतो आहे. फोनवर बोललो असतो. पण फोनवर मी सुरुवात केली की तू 'आसू दे रं गड्या' म्हणतोस आणि मी थांबतो. आजवर पाच वेळा थांबलो. कागदावर तुला मला थांबवता येणार नाही.

इकडे कारखान्याचा हंगाम जोरात आहे. ओढ्याकडच्या रानात तोडणीची टोळी उतरली आहे आणि दिवसभर कोयत्यांचा आवाज येतो. मी त्या वाटेने जात नाही. सुलाबाई, तुझी चुलती, दारात बसून असते. गावातलं कुणी तिच्याशी बोलत नाही. वीस तारखेला, मंगळवारी, तिच्या विश्वजितच्या जामिनाची सुनावणी आहे. मंडळाचे नानासो सांगत होते, की तू हरकत घेणार आहेस, साताऱ्याहून गाडी करून येणार आहेस आणि कोर्टात तुझा हात दाखवणार आहेस. 'पैला घाव चुकून बसला आसंल, मग दुसरा कशापायी घातला?' हा तुझा प्रश्न आता सगळ्या गावाच्या तोंडी आहे. साडेचार महिने तो त्या दुसऱ्या घावासाठी आत बसला आहे, खुनाचा प्रयत्न म्हणून. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. पण ते एका वाक्यात सांगितलं तर तुला खोटं वाटेल. म्हणून सुरुवातीपासून लिहितो.

लहानपणी अण्णा मला रोज मंदिरात नेत. तिथे मागच्या भिंतीवर नरकाची चित्रं होती, तुला मी एकदा दाखवली होती. एका पाप्याला फळीला बांधून करवतीने उभा चिरत आहेत. खोटं बोलणाऱ्याची जीभ चिमट्याने ओढून काढली आहे. एकाला उकळत्या कढईत उलटा धरला आहे, एकाला काटेरी झाडावरून फरफटत खाली ओढताहेत. प्रवचन चालू असताना मी तिकडे बघत बसायचो. अण्णांना वाटायचं, पोरगं पापाला भ्यायला शिकतंय. मी खरंच भ्यायचो. अंगावर काटा यायचा. पण तो काटा मला हवा असायचा, तो येईपर्यंत मी चित्रावरून नजर काढायचो नाही. पुढे पुढे मला दुसरंच दिसायला लागलं. करवत मांडीत अर्धी गेली आहे आणि रक्त मात्र वरच्या बाजूला उडालं आहे, हे चूक आहे. जीभ एवढी बाहेर आल्यावर जबडा असा मिटलेला राहणार नाही. नऊ-दहा वर्षांचा होतो तेव्हा वहीच्या मागच्या पानांवर मी तो नरक दुरुस्त करून काढायचो.

तुला माहीत आहे, मी भित्रा आहे. गॅस बंद केला का हे मी चार वेळा बघतो. अनोळखी नंबरचा फोन आला तर घाम फुटतो. आठवीनंतर शाळा सुटली ती गणिताच्या सरांच्या भीतीनेच. पण सांगलीला मूर्तिकाराकडे साचे करायला शिकलो आणि एक गोष्ट कळली. ज्याची भीती वाटते ते आपल्या हाताने घडवलं, की तेवढा वेळ आपण भीत नाही. समोरचा भितो.

सतरा वर्षांचा असताना मी पहिलं तोडलेलं मुंडकं केलं. रबराचं, मानेतून नळ्या लोंबणारं, एक डोळा अर्धा मिटलेला. आईला ते माळ्यावर सापडलं आणि तिची दातखीळ बसली. अण्णांनी ते टॉवेलात गुंडाळलं, मला मोटारसायकलवर बसवलं आणि चातुर्मासासाठी आलेल्या महाराजांपुढे नेऊन ठेवलं. महाराजांनी ते शांतपणे बघितलं आणि राजाची गोष्ट सांगितली. राजाला बळी द्यायचा नव्हता, म्हणून त्याने पिठाचा कोंबडा करून त्याची मान कापली. पिठात जीव नव्हता, पण मनात मारण्याचा भाव होता, आणि त्या एका घावासाठी त्याला जन्मामागून जन्म जनावर होऊन कापलं जावं लागलं. आमच्या घरात जत्रेतले साखरेचे हत्ती-घोडे कुणी खात नाही, ते याचमुळे. महाराज म्हणाले, हे सोडून दे. मी रडत म्हणालो, सोडवत नाही. करीन, पण माझ्या हाताने त्यावर कधी घाव घालणार नाही, असा नियम घेतो. महाराज काहीच बोलले नाहीत. अण्णांनी तो होकार धरला आणि मीही.

तो नियम तुला सांगितला तेव्हा तू पोट धरून हसलास. 'म्हंजी जैनाचं पोरगं मुंडकी करणार आन तोडायचं पाप माझ्या नावावर व्हय? आण हिकडं. आमच्या तीन पिढ्या पल्टणीत गेल्यात, आमाला सवय हाय.' तेव्हापासून आपलं ठरून गेलं. मी करायचं, तू तोडून बघायचं. हात, मान, पोट, जे काही करीन ते आधी मातीच्या पोत्यावर बांधून तू कोयता हाणायचास आणि मी बाजूला उभा राहून बघायचो, रक्त किती लांब उडतं, कातडं कुठे फाटतं. आपल्या खोट्या रक्तात मी काकवी घालायचो, म्हणजे ते दाट व्हायचं आणि हळू ओघळायचं. मुंग्यांनी तुला किती चावलं असेल! दोन वर्षांपूर्वी गणपतीत केलेल्या भुताच्या गुहेत लोंबणाऱ्या आतड्यांखालून जाताना एक धट्टाकट्टा पैलवान चक्कर येऊन पडला होता. तू त्याला पाणी पाजलंस. मी मागच्या पडद्याआड उभा होतो आणि खूश होतो.

गेल्या गणपतीला मंडळाचे अध्यक्ष म्हणून नानासोंनी जिवंत देखाव्याला 'बांध' हा विषय दिला. दोन भाऊ, बांधाचं भांडण, थोरला धाकट्याला कोयत्याने मारतो, शेवटी आईचा टाहो आणि लोकांना उपदेश. उपदेशात मला काही रस नव्हता. मला मधलं ते एक मिनिट हवं होतं. थोरला विश्वजित आणि धाकटा तू, ही नावं मी सुचवली. तुम्ही चुलत भाऊ, ओढ्याकाठच्या बांधावरून चार वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच सुचवली. नानासो म्हणाले, 'आरं सम्मेद, खरंच भांडत्याली की ती!' तुला मी सांगितलं, की या निमित्ताने तुमचं बोलणं सुरू होईल. ते खोटं होतं. मला नाटकातला राग नको होता.

आणि झालं उलटंच. तालमीला तुम्ही खरंच बोलायला लागलात. एकदा तो तुझ्यासाठी वडापाव घेऊन आला, तुम्ही दोघं पायरीवर बसून हसत खात होता, आणि मी वैतागलो. त्याचा कोयता मऊ पडायला लागला होता. मग मी त्याला बाजूला घेतलं. म्हणालो, 'मल्हारच्या बानं तुज्या आईला भर चावडीत काय शिवी घातली ती आठव, आन मगच कोयता उचल.' रोज आठवण करून द्यायचो. त्याच्या डोळ्यांत खून दिसला, असं तू जबाबात सांगितलं आहेस. खरं आहे, दिसत होता. तो मी बसवला होता.

तीन घाव ठरले होते. पहिल्याला खालची रक्ताची पिशवी फुटणार, दुसऱ्याला वरची, तिसऱ्याला तू गुडघ्यावर पडणार. 'मल्हार कितीबी वरडला तरी थांबू नगंस, तीन म्हंजी तीन,' हे मी त्याच्याकडून वीस वेळा वदवून घेतलं. तू कसं ओरडायचं तेही मीच बसवलं. आधी तोंड उघडायचं पण आवाज नाही, मग 'आये' म्हणून. मल्हार, त्या दिवशी तू अगदी तसाच ओरडलास. तुझी खरी किंकाळी आणि माझी बसवलेली किंकाळी यात काडीचा फरक नव्हता. त्याने ओळखायचं कसं? त्याने दोन मोजलं. तिसऱ्याला कोयता वर गेला तेव्हा त्याला तुझं हाड दिसलं आणि त्याने तो फेकून दिला.

पण पहिला घाव तरी का बसला, हे अजून सांगितलं नाही. लिहायला घेतो आणि दुसरंच लिहितो आहे.

लाकडी कोयता दिव्याखाली खोटा दिसतो, म्हणून मी खरा ऊसतोडीचा घेतला होता आणि कानशीने त्याची धार पार घालवली होती. हे तुला माहीत आहे. तुझ्यासाठी रबरी खांदा केला होता आणि त्याच्या आत, तुझ्या गळपट्टीच्या हाडावर, वेल्डरकडून वाकवून आणलेली लोखंडी पट्टी होती. तू स्वतः त्यावर पंधरा घाव हाणून बघितले होतेस. पट्टी भक्कम होती. पाचव्या दिवशी, रविवारी, देखावा उघडला. गल्ली तुडुंब भरली होती. विश्वजितने कोयता उचलला, बायकांनी तोंडावर पदर घेतले, मी पडद्याच्या फटीतून बघत होतो, आणि घाव बसला तो 'ठण्ण' करून. मग मागून कुणीतरी ओरडलं, 'आरं, ह्येचा खांदा लोखंडाचा हाय काय!' दुसरा म्हणाला, 'भावाचा खून न्हवं, कल्हई लावाय बसलाय त्यो.' सगळी गल्ली हसली. तू मेलेला पडला होतास आणि तुझंही पोट हलत होतं. नंतर तू म्हणालास, 'जाऊ दे रं, माणसं हसली की आपल्याला काय?' तुझ्यासाठी ती गंमत होती. मी दोन रात्री अंथरुणात फक्त तो 'ठण्ण' ऐकला.

सोमवारच्या खेळालाही तेच झालं. मंगळवारी तू कामावरून उशिरा आलास, धापा टाकत, गाडी पंक्चर झाली म्हणालास. पोत्यावर बांधून बघायला वेळ नव्हता. मी तुझ्या खांद्याला रबर चढवून मागून नाड्या बांधल्या. तू खांदा हलवून म्हणालास, 'आज हलकं लागतंय रं.' मी म्हणालो, 'नवं रबर हाय.' तुला हे आठवतं का, मला माहीत नाही. शुद्धीवर आल्यापासून तू एकदाही त्याबद्दल विचारलं नाहीस. मी रोज तू विचारण्याची वाट बघत होतो.

पट्टी मी दुपारी काढली होती. तिच्या जागी उसाची सुकलेली कांडी बसवली, दहा, एकाला एक लावून, तारेने घट्ट आवळून. मला वाटलं, धार नसलेला कोयता ती अडवतील. आणि अडवताना मोडतील, म्हणजे हाड मोडल्यासारखा आवाज येईल. नेहमीप्रमाणे तू पोत्यावर हाणून बघितलं असतंस तर पहिल्याच घावाला कळलं असतं. तू नव्हतास. कोयता माझ्या हाताशी होता, पोतं होतं, सबंध दुपार होती. मी कोयत्याला हात लावला नाही. माझा नियम होता. रबराच्या खांद्यावर घाव घालण्याचं पाप मला लागू नये म्हणून मी तो न बघता तुझ्या खांद्यावर बांधला. आणि तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, पट्टी घाल परत.

पुढचं तुला आठवत नसेल, म्हणून लिहितो. दुसऱ्या घावानंतर लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या वाजल्या. रक्त रबराखालून तुझ्या कोपरावर आलं आणि बोटांवरून धार लागली. मी फटीतून बघत होतो, आणि मला कळलं, की हे माझं नाही. माझं जास्त लाल असतं. हे काळपट होतं आणि काकवीपेक्षा पातळ. हे कळल्यावरही मी पळत आलो नाही. तीन-चार क्षण मी तिथेच उभा राहून बघितलं. विश्वजित माझ्या आधी तुझ्याजवळ पोचला. त्याने स्वतःचा सदरा काढून तुझ्या खांद्यात दाबला. लोकांना वाटलं तो तुझा गळा दाबतोय. त्यांनी त्याला केसाला धरून मागे ओढलं आणि मंडपाच्या वाशांनी मारलं. त्याचे पुढचे दोन दात तिथेच पडले. तो 'तीन व्हतं, तीन ठरलं व्हतं' एवढंच ओरडत होता. मी तिथे होतो. मी सांगू शकलो असतो.

त्याऐवजी मी टेम्पोत तुझ्याशेजारी बसलो. मिरजेला पोचेपर्यंत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. खांद्याचं रबर मी कात्रीने कापून काढलं, आणि सगळे म्हणाले, सम्मेदने डोकं शांत ठेवलं म्हणून पोरगा वाचला. तारेत अडकलेली कांडी मी रबरासकट पिशवीत भरली. पहाटे गावात आलो, कांडी चुलीत जाळली, आणि पट्टी परत रबरात बसवली. सकाळी पंचनाम्याला पोलिसांनी पट्टीसकट खांदा जप्त केला. त्यावरच विश्वजितचा गुन्हा उभा आहे. पट्टी असताना घाव आत गेला, म्हणजे त्याने पट्टी चुकवून मुद्दाम मानेकडे मारलं. पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. नीट, वळणदार.

त्यानंतर चाळीस दिवस मी दवाखान्यात तुझ्या उशाशी होतो. तुला पाणी पाजलं, तुझी भांडी धरली. तू सगळ्यांना सांगितलंस, 'चुलत्याच्या पोरानं मारलं आन ह्या परक्यानं भाऊ हून सांबाळलं.' जखम धुताना नर्स मला बाहेर जायला सांगायची आणि तू म्हणायचास, त्याला ऱ्हाऊ द्या. मी थांबायचो. जखमेच्या कडा कशा उलटतात, आतला मांसाचा रंग दर दिवशी कसा बदलतो, हे मी बघून घ्यायचो. घरी येऊन ते शाडूत घडवायचो. अकरा खांदे झाले. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम ते आहे. ते मी गेल्या आठवड्यात पाण्यात कालवून टाकलं, पण माझ्या हातांना ते पाठ आहे.

परवा मी दुसरा रबरी खांदा केला. तसाच, दहा कांडी, तीच तार. ओल्या वाळूच्या पोत्यावर बांधला. बोथट कोयता घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः घाव घातला. कांडी फुटली आणि कोयता चार बोटं वाळूत गेला. मग दुसरा घातला. तो मुठीपर्यंत गेला. मग मी थांबू शकलो नाही. पोतं फाटून वाळू माझ्या पायांवर सांडेपर्यंत मारत राहिलो. अण्णा दारात येऊन उभे होते. त्यांना मी तिथेच सगळं सांगितलं. ते खाली बसले आणि म्हणाले, 'त्या माउलीचं पोरगं आत हाय रं.'

गुरुवारी सकाळी अण्णा आणि मी ठाण्यात जाणार आहोत. पट्टीचं, कांड्यांचं, तीन घावांचं, पंचनाम्याचं, सगळं लिहून देणार आहे. वकील म्हणाले, पुरावा बदलल्याबद्दल मला धरतील. धरू देत. तू वीस तारखेला काय करायचं ते तू ठरव, मी त्यात बोलणार नाही. हे गावाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहायला बसलो, असं मला कालपर्यंत वाटत होतं. पण ते तर जबाबातही येईल. जबाबात न येणारी एकच गोष्ट आहे. पोलीस ती विचारणार नाहीत आणि विचारली तरी कुठे लिहावी हे त्यांना कळणार नाही. पहिला घाव बसला तेव्हा तुझं हाड मोडल्याचा आवाज मी पडद्याआडून ऐकला. गल्लीतलं एकही माणूस हसलं नाही. आणि मल्हार, मी मनात म्हणालो, जमलं.

तुझाच,
सम्मेद